उंची कमी केलेल्या क्लासिक पिकअपसाठी चाकांची आणि टायरची मापे कशी ठरवावीत

शेव्हरोले सी-१०, फोर्ड एफ-१००, डॉज डी-१०० अशा अर्ध्या टनाच्या (सुमारे अर्धा टन सामान वाहणाऱ्या गटातील) जुन्या पिकअपची उंची कमी करायला निघालेले अनेक जण सर्वांत आधी चाके विकत घेतात आणि सस्पेन्शनचे काम त्यानंतर सुरू करतात. हा क्रम उलटा आहे. ट्रक खाली बसला की ॲक्सल चासीच्या जवळ येतो, पुढच्या चाकांचा कल बदलतो, मागचा ॲक्सल एका बाजूला सरकू शकतो आणि ट्रक उंच असताना घेतलेली मापे निरुपयोगी ठरतात. त्यामुळे आधी उंची, मग टायरचा बाह्य व्यास, त्यानंतर रिमचा व्यास, मग रुंदी आणि सर्वांत शेवटी ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसेल ते ठरवणारे माप), या क्रमानेच निर्णय घ्यावेत. यातील प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यावर अवलंबून असतो. दुसऱ्या कोणाच्या ट्रकवर बसलेले माप जसेच्या तसे उचलणे धोक्याचे असते, कारण त्या ट्रकचे ब्रेक, स्पिंडल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो भाग) किंवा मागचा ॲक्सल मूळचाच आहे की बदललेला, हे छायाचित्रातून कळत नाही.

पहिली पायरी: उंची पक्की करणे

मापे घेण्यापूर्वी ट्रक त्याच्या कायमच्या उंचीवर उभा असला पाहिजे. नवीन स्प्रिंग बसवल्यानंतर त्या थोड्या दबतात, म्हणून काही दिवस ट्रक चालवून मगच मोजमापाला हात घालावा. इंजिन, हौदा, बंपर आणि इंधनाची टाकी जागेवर नसताना घेतलेली उंची खरी नसते.

उंची कोणत्या पद्धतीने कमी केली आहे, यावर पुढचे बरेच काही ठरते. पुढच्या बाजूला ड्रॉप स्पिंडल (चाकाचा अक्ष वर नेणारे स्पिंडल) वापरले असतील, तर कंट्रोल आर्मचा (चाकाला चासीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा) कोन जवळपास मूळचाच राहतो आणि चाकाचा कल फारसा बदलत नाही. मात्र अशा अनेक स्पिंडलना किमान १५ इंची चाक लागते, आणि डिस्क ब्रेकच्या काही संचांमुळे चाक बसण्याची जागाच मूळ जागेपेक्षा बाहेर येते. केवळ आखूड स्प्रिंग बसवल्या असतील, तर कंट्रोल आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो आणि सस्पेन्शनला वर जाण्यासाठी उरलेली जागाही कमी होते. १९६५ पासूनच्या फोर्ड एफ-१०० मध्ये पुढे ट्विन आय-बीम (प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतंत्र आडवा बीम) हे सस्पेन्शन आहे. ते नुसत्या आखूड स्प्रिंगांनी खाली आणले की चाकांचा वरचा भाग आत झुकतो. त्यासाठी खाली वळवलेले बीम वापरणे हाच योग्य मार्ग आहे. २८ इंची टायरचा कल एका अंशाने बदलला, तर टायरचा वरचा काठ सुमारे ६ मिमी आत किंवा बाहेर सरकतो. फेंडरच्या काठाशी एवढ्या अंतराने फरक पडतो, म्हणून व्हील अलाइनमेंट करून घेतल्यावरच पुढची मापे घ्यावीत.

मागच्या बाजूचा एक मुद्दा बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो. १९६७ ते १९७२ या पिढीच्या बहुतेक सी-१० ना मागे कॉइल स्प्रिंग, लांब ट्रेलिंग आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार असतो. या बारचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला जोडलेले असल्यामुळे ॲक्सल वर-खाली होताना सरळ रेषेत न जाता किंचित वर्तुळाकार फिरतो. समजा, बारची लांबी ५०० मिमी आहे. ट्रक उभा असताना बार समतल असेल, तर ॲक्सल ५० मिमी वर गेल्यावर तो केवळ अडीच मिमी आडवा सरकतो. पण ट्रक खाली घेतल्यामुळे बारचे एक टोक दुसऱ्यापेक्षा आधीच १०० मिमी वर असेल, तर आणखी ५० मिमी वर जाताना ॲक्सल तब्बल १३ मिमी आडवा सरकतो. शिवाय स्थिर अवस्थेतही तो मध्यावर नसतो, त्यामुळे एका बाजूचे चाक फेंडरच्या बाहेर डोकावते आणि दुसऱ्या बाजूचे आत दडते. लांबी बदलता येणारा बार बसवून आणि त्याचे चासीकडील टोक योग्य उंचीवर आणून ॲक्सल मध्यावर घेतल्याशिवाय मागची मापे घेण्यात अर्थ नाही.

ट्रकला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील, तर ही अडचण येत नाही. पण ॲक्सल पाट्यांच्या वर बसवला असेल, तर तो चासीच्या फार जवळ येतो. अशा वेळी चासीला वरच्या बाजूने कमानीसारखी जागा करून द्यावी लागते, म्हणजे सी-नॉच. हे काम बाकी असेल, तर चाकांची खरेदी थांबवावी.

दुसरी पायरी: टायरचा बाह्य व्यास

टायरवरील माप वाचून व्यास काढणे सोपे आहे. रुंदीला प्रोफाइलच्या टक्केवारीने गुणले की बाजूच्या भिंतीची उंची मिळते. तिची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिमीमध्ये मिळवावा. या ट्रकवर अनेक वर्षे सर्रास दिसणारे २३५/७५ आर १५ हे माप घेऊ. २३५ चे ७५ टक्के म्हणजे १७६.२५, त्याची दुप्पट ३५२.५, त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिमी मिळवले की ७३३.५ मिमी येतात, म्हणजे सुमारे २८.९ इंच. हा आकडा आधारभूत मानावा.

आता २५५/५५ आर १८ आणि २५५/४५ आर २० ही दोन मापे पाहावीत. पहिल्याचा व्यास ७३७.७ मिमी आणि दुसऱ्याचा ७३७.५ मिमी येतो. रिम दोन इंचांनी मोठी होऊनही ट्रकच्या उंचीत आणि फेंडरमधील जागेत काहीच फरक पडला नाही. ट्रक किती खाली दिसेल हे बाह्य व्यासावर ठरते, रिमच्या आकड्यावर नव्हे. व्यास ५० मिमीने कमी केला, तर ट्रक २५ मिमी खाली येतो, कारण जमिनीपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर व्यासाच्या निम्मे असते.

मागच्या टायरचा व्यास मूळच्या जवळ ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. या ट्रकची मागची चाककमान मोठी असते आणि लहान टायर तिथे हरवल्यासारखा दिसतो, हे एक कारण झाले. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे स्पीडोमीटर आणि इंजिनचे फेरे दोन्ही मागच्या टायरशी बांधलेले असतात. टॉप गिअर थेट (१:१) असेल, तर ताशी मैल, ॲक्सलचे गिअर-प्रमाण आणि ३३६ यांचा गुणाकार करून त्याला टायरच्या इंचातील व्यासाने भागले की इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे मिळतात. ताशी ६० मैल वेग आणि ३.७३ प्रमाण असताना २८.९ इंची टायरवर इंजिन सुमारे २,६०० फेऱ्यांवर चालते. मागे २४५/४५ आर १८, म्हणजे २६.७ इंची टायर बसवला, तर तेच इंजिन सुमारे २,८०० फेऱ्यांवर जाते आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना खरा वेग ५५ च्या आसपास असतो.

पुढचा टायर मागच्यापेक्षा २५ ते ३५ मिमीने लहान असावा. पुढच्या बाजूला स्टेअरिंग वळवताना जागा कमी पडते, आणि किंचित पुढे झुकलेला ट्रक डोळ्यालाही बरा वाटतो. मागे २५५/५५ आर १८ असेल, तर पुढे २४५/५० आर १८, म्हणजे ७०२ मिमी, ही जोडी जुळते. मागे २५५/४५ आर २० असेल, तर पुढे २४५/४० आर २०, म्हणजे ७०४ मिमी, हे माप त्याच हिशेबात बसते. पुढे-मागे वेगळी मापे घेतली की टायरची अदलाबदल करता येत नाही, हे मात्र मान्य करूनच पुढे जावे.

तिसरी पायरी: रिमचा व्यास

अर्ध्या टनाच्या या ट्रकना मुळात बहुतांशी १५ इंची चाके असत, आणि ट्रकचे जुनेपण जपायचे असेल, तर आजही त्यांच्याइतके शोभणारे दुसरे काही नाही. अडचण ब्रेकची असते. मोठ्या डिस्क बसवल्या असतील, तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) १५ इंची रिमच्या आत मावत नाही. १३ इंची डिस्कसाठी १७ किंवा १८ इंची रिम लागते. अशा वेळी ब्रेकच्या संचासोबत मिळणारा कागदी साचा पुठ्ठ्यावर कापून रिमच्या आतल्या बाजूने फिरवून पाहावा. कॅलिपर केवळ घेराला अडतो असे नाही, तो चाकाच्या आऱ्यांनाही अडू शकतो.

२० इंची रिम दिसायला भव्य असते, पण २५५/४५ आर २० मध्ये बाजूच्या भिंतीची उंची ११५ मिमी उरते आणि २५५/५५ आर १८ मध्ये ती १४० मिमी असते. उतरवलेल्या ट्रकच्या सस्पेन्शनची हालचाल आधीच कमी झालेली असते, त्यामुळे खड्ड्याचा धक्का शोषण्याचे काम टायरवरच येते. त्यातच मोठी रिम बहुधा जड असते. ज्याला ट्रक रोज किंवा लांबवर चालवायचा आहे, त्याने १७ किंवा १८ इंचांवर थांबावे. ट्रक प्रामुख्याने दाखवण्यासाठी असेल, तर २० इंची रिम घ्यायला हरकत नाही.

येथे आणखी एक तपासणी करावी. एका चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून समोरच्या चाकाच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या बिंदूपर्यंत दोरी ताणावी आणि मग दुसऱ्या बाजूने तसेच करावे. सस्पेन्शनचा, स्टेअरिंगचा किंवा चासीचा कोणताही भाग या दोरीच्या खाली येता कामा नये. टायरमधील हवा अचानक गेली, तर ट्रक रिमवर उतरतो, आणि त्या क्षणी कंट्रोल आर्म किंवा टायरॉड (चाक वळवणारा स्टेअरिंगचा दांडा) रस्त्याला घासला, तर ट्रक ताब्यात राहणार नाही.

चौथी पायरी: रुंदी आणि ऑफसेट

सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला पुरेसा वेळ द्यावा. ट्रक सपाट जमिनीवर घ्यावा, चाक काढावे आणि भक्कम जॅक स्टँडच्या आधाराने ॲक्सल नेमका कायमच्या उंचीवर आणावा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या ट्रकखाली हात घालू नये. हबचा जो सपाट भाग चाकाला टेकतो, तेथून सर्व मापे घ्यायची असतात. त्या भागावर एक सरळ पट्टी उभी बांधावी आणि गुण्या लावून तिच्यापासून आत व बाहेर मोजावे. बाहेरच्या बाजूला फेंडरच्या काठावरून ओळंबा सोडावा आणि पट्टीपासून ओळंब्याच्या दोरीपर्यंतचे अंतर नोंदवावे. काठ आतून दुमडलेला असेल, तर दोरी त्या दुमडीच्या आतल्या कडेवरून सोडावी, कारण टायर प्रथम तिथेच लागतो. आतल्या बाजूला पट्टीपासून चासी, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकची नळी आणि हौद्याची आतली चाककमान यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तिथपर्यंत मोजावे. हे मोजमाप ट्रकच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे करावे. इतक्या जुन्या पत्र्याच्या दोन बाजू सहसा सारख्या नसतात. जी बाजू अरुंद निघेल तिच्यावरच हिशेब करावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मागच्या हबपासून आत १५० मिमी आणि बाहेर १४५ मिमी जागा मिळाली, म्हणजे एकूण २९५ मिमी. आतल्या आणि बाहेरच्या प्रत्येक बाजूला निदान १५ मिमी मोकळी जागा सोडायची ठरवली, तर टायरसाठी २६५ मिमी उरतात. २५५/४५ आर २० हा टायर साडेआठ इंची रिमवर साधारण २५५ मिमी रुंद असतो. रिम अर्ध्या इंचाने वाढली की टायर सुमारे ५ मिमीने फुगतो, म्हणून ९ इंची रिमवर तो २६० मिमी होईल. ऑफसेट शून्य असेल, तर टायर हबच्या पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना १३० मिमी जातो. आत २० आणि बाहेर १५ मिमी मोकळे राहतात, आणि हे माप बसते. ऑफसेट अधिक ६ (+६ मिमी) घेतला, तर चाक ६ मिमी आत जाते आणि आत १४, बाहेर २१ मिमी उरतात. आतली जागा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाली, म्हणून शून्य ऑफसेट योग्य. त्याच जागेत २७५ चा टायर बसवला, तर दोन्हीकडे मिळून २० मिमी उरतात, आणि पॅनहार्ड बारमुळे होणारी आडवी हालचाल लक्षात घेता तो मोह टाळावा. टायरच्या नावातील आकडा आणि प्रत्यक्ष रुंदी यांत फरक असू शकतो, त्यामुळे कंपनीच्या तक्त्यातील सेक्शनची रुंदी आणि ती कोणत्या रिमवर मोजली आहे, हे दोन्ही पाहावे.

विक्रेते कधी ऑफसेट सांगतात, तर कधी बॅकस्पेसिंग. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. बॅकस्पेसिंग म्हणजे रिमच्या आतल्या काठापासून त्याच पृष्ठभागापर्यंतचे अंतर. रिमची सांगितलेली रुंदी टायर बसण्याच्या जागेची असते, आणि काठ धरून रिम सुमारे एक इंच जास्त रुंद भरते. म्हणून ९ इंची रिम शून्य ऑफसेटची असेल, तर तिचे बॅकस्पेसिंग सुमारे ५ इंच येते, आणि ऑफसेट अधिक १२ मिमी असेल, तर साडेपाच इंचांच्या जवळ. हा एक इंच विसरल्यामुळे चाक १२ ते १३ मिमी चुकीच्या जागी बसते.

पुढच्या चाकासाठी हेच मोजमाप स्टेअरिंग सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, असे तीन वेळा करावे. वळलेल्या चाकाचा मागचा काठ चासीला किंवा स्वेबारला (ट्रक वळणावर झुकू नये म्हणून लावलेल्या दांड्याला) आणि पुढचा काठ फेंडरच्या कोपऱ्याला लागू शकतो. मग स्प्रिंग काढून किंवा जॅकने दाबून स्पिंडल बंपस्टॉपपर्यंत (सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरापर्यंत) वर न्यावा आणि पुन्हा पाहावे. एअर सस्पेन्शन असेल, तर हवा पूर्ण सोडल्यावर ट्रक जेथे टेकतो ती अवस्थाही मोजावी.

पुढची चाके फार बाहेर काढण्याचा हट्ट धरू नये. वळण्याचा अक्ष जमिनीला जेथे मिळतो, त्यापासून टायरचा मध्य जितका दूर जाईल, तितके स्टेअरिंग जड होते आणि रस्त्याच्या प्रत्येक चरीबरोबर हाताला ओढ बसते. शिवाय चाकाच्या बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

पाचवी पायरी: स्टड, हब आणि नट

१९६० ते १९७० च्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेला सहा स्टड (चाक ज्यांवर आवळतात ते बोल्ट) आणि त्यांच्या मध्यांमधून जाणारे १३९.७ मिमी व्यासाचे वर्तुळ असते. १९७१ पासूनच्या दोनचाकी ड्राइव्हच्या सी-१० ला पाच स्टड आणि १२७ मिमी. फोर्ड एफ-१०० ला पाच स्टड, पण वर्तुळ १३९.७ मिमी. डॉज डी-१०० ला पाच स्टड आणि ११४.३ मिमी. ही मापे मूळ हबची आहेत. इतक्या वर्षांत अनेक ट्रकचे हब किंवा ॲक्सल बदललेले असतात, म्हणून स्वतः मोजावे. सहा स्टडमध्ये समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधील अंतर हेच उत्तर असते. पाच स्टडमध्ये एक स्टड सोडून पुढच्या स्टडपर्यंतचे अंतर मोजून त्याला ०.९५१ ने भागावे. ते अंतर १२०.८ मिमी भरले, तर वर्तुळ १२७ मिमीचे आहे. पुढच्या हबची ग्रीस कॅप रिमच्या मधल्या छिद्रातून जाते का आणि नटाचा उतार रिमच्या उताराशी जुळतो का, हेही पाहावे. नट स्टडच्या व्यासाइतका तरी आत शिरला पाहिजे. अर्धा इंच व्यासाच्या आणि इंचाला २० आटे असलेल्या स्टडवर त्याचे किमान १० पूर्ण फेरे होतात.

सहावी पायरी: भार

पिकअपच्या हौद्यात कधी ना कधी सामान भरले जातेच. ट्रक वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्यावा, मागच्या वजनात अपेक्षित सामान मिळवावे आणि त्याची निम्मी जबाबदारी प्रत्येक टायरवर धरावी. टायरवर छापलेला भारनिर्देशांक ९१ म्हणजे प्रत्येक टायरला ६१५ किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. प्रवासी मोटारीसाठी बनवलेला टायर ट्रकवर बसवताना अमेरिकेच्या सुरक्षा मानकानुसार त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात. १०० निर्देशांकाचे ८०० किलो त्यामुळे ७२७ होतात. रिमचीही स्वतःची भारक्षमता असते आणि ती तिच्या आतल्या बाजूला कोरलेली असते.

टायर घेताना बाजूवरील निर्मितीचे चार आकडे वाचावेत. २३२२ असे लिहिले असेल, तर तो २०२२ च्या २३ व्या आठवड्यातला आहे.

बसवताना

चारही रिम आल्या की लगेच टायर चढवू नयेत, कारण टायर चढवलेली रिम सहसा परत घेतली जात नाही. आधी मोकळी रिम हबवर बसवून नट घट्ट करावेत आणि हाताने फिरवून ती कॅलिपरला किंवा टायरॉडला लागत नाही ना, हे पाहावे. मग पुढची एक आणि मागची एक अशा दोनच रिमवर टायर चढवावेत आणि त्या प्रत्येक कोपऱ्यावर आळीपाळीने लावून पाहाव्यात. सगळे जुळले की उरलेले टायर चढवावेत. नट टॉर्क रेंचने ताऱ्याच्या आकृतीच्या क्रमाने आवळावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. त्यानंतर फेंडरच्या आतल्या काठाला खडू लावून, हौद्यात वजन ठेवून ट्रक हळू वेगात उंचवट्यांवरून आणि पूर्ण वळणावर फिरवावा. खडूची खूण टायरवर उमटली, तर काठ आतून सपाट करून घ्यावा किंवा बंपस्टॉप उंच करावा, आणि खूण चासीच्या बाजूला असेल, तर कमी जाडीची, हबवर नेमकी बसणारी स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) वापरता येते का, हे स्टडची लांबी पुन्हा मोजून ठरवावे.